उंबरठ्यापासून वेदीपर्यंत : चर्चमधील पहिली उपासना

महाराष्ट्रात ख्रिस्ती समाज जवळजवळ पाच शतके नांदतो आहे, २०११च्या जनगणनेत त्याची संख्या सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे राज्याच्या लोकसंख्येच्या एक टक्क्याहून किंचित कमी नोंदली गेली आहे, आणि तरीही बहुसंख्य मराठी माणसांची या धर्माशी असलेली ओळख मिशनची शाळा, मिशनचे इस्पितळ आणि नाताळातली रोषणाई यांच्यापुढे फारशी गेलेली नाही. चर्चची घंटा मात्र अनेकांनी नकळत ऐकलेली असते, कारण १७३९मध्ये चिमाजीअप्पांनी वसई जिंकल्यावर पोर्तुगीज चर्चमधल्या ज्या घंटा मराठी फौजेबरोबर आल्या, त्यांपैकी काही नाशिकच्या नारोशंकर मंदिरात, भीमाशंकरला आणि मेणवलीच्या घाटावर टांगल्या गेल्या. ज्या प्रकारच्या वास्तूतून त्या घंटा आल्या, तिच्या आत रविवारी सकाळी नेमके काय चालते, तिथे परक्या माणसाने गेलेले चालते का, गेल्यास कुठे बसावे, काय करावे आणि काय करू नये, आणि कुतूहलाने सुरू झालेली ही ओळख श्रद्धेच्या शोधापर्यंत जायची झाल्यास तिची वाट कशी असते, हे प्रश्न साधे आहेत; पण त्यांची उत्तरे मराठीत सलग मांडलेली क्वचितच आढळतात.

पहिल्यांदा चर्चमध्ये जाणारा माणूस अवघडतो तो बहुधा श्रद्धेतल्या फरकामुळे नव्हे, तर उपासनेच्या घडणीतल्या फरकामुळे. देवळात भाविक आपल्या सवडीने जातो, दर्शन घेतो, प्रदक्षिणा घालतो आणि निघतो. शेजारी कोण उभे आहे याच्याशी त्याच्या भक्तीचा संबंध असतोच असे नाही. ख्रिस्ती उपासना मुळातच सामुदायिक आहे. येशू मरणातून उठला तो आठवड्याचा पहिला दिवस, म्हणून रविवारी, ठरलेल्या वेळी मंडळी, म्हणजे त्या ठिकाणचा श्रद्धावंतांचा समुदाय, जमते, एकत्र उभी राहते, एकत्र बसते, ठरावीक वाक्यांना एका आवाजात उत्तरे देते, आणि तासभराने किंवा त्याहून थोड्या अधिक वेळाने एकत्रच पांगते. याच्या जवळचा अनुभव मराठी माणसाला गाभाऱ्यासमोरच्या रांगेपेक्षा कीर्तनाच्या मांडवात सापडेल, कारण तिथेही आरंभ, निरूपण आणि शेवट यांचा क्रम ठरलेला असतो आणि मध्येच उठून जाणे बरे दिसत नाही.

दुसरा संकोच सामाजिक आहे आणि त्याला महाराष्ट्रात इतिहास आहे. ऑक्टोबर १८९०मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानानिमित्त गावातली प्रतिष्ठित मंडळी जमली, व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे पुढे आली, काहींनी ती घेतली, काहींनी नुसता हात लावला. पुढे गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ या पत्रात छापून आणली आणि त्यावरून एवढे ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचा वाद, माजले की प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या प्रश्नाला तोंड द्यावे लागले. त्या वादात कोणी ख्रिस्ती सिद्धान्त स्वीकारला होता असे कोणाचेच म्हणणे नव्हते. आक्षेप होता तो केवळ त्या जागेत जाऊन काही घेण्याला. आज असे ग्रामण्य होत नाही, पण चर्चच्या आत पाऊल टाकणे म्हणजेच काहीतरी कबूल करणे, ही समजूत पुरती गेलेली नाही. ती समजूत खुद्द ख्रिस्ती परंपरेच्या दृष्टीनेही चुकीची आहे, आणि हे कळण्यासाठी त्या परंपरेच्या अगदी सुरुवातीच्या शतकांकडे वळावे लागते.

रोमन साम्राज्यात ख्रिस्ती होणे धोक्याचे होते त्या काळात चर्चने येणाऱ्या प्रत्येकाला लगेच आत घेतले नाही. रोमच्या हिप्पोलिटस याच्या नावावर चालत आलेल्या ‘प्रेषितीय परंपरा’ या तिसऱ्या शतकातल्या मानल्या जाणाऱ्या ग्रंथात नव्या माणसाला साधारण तीन वर्षे शिकवावे, त्याला घेऊन येणाऱ्यांनी त्याच्याविषयी साक्ष द्यावी, त्याचा व्यवसाय काय आहे हे तपासावे, असे सांगितले आहे. मूर्ती घडवणारा किंवा आखाड्यात माणसांशी झुंजणारा असेल तर त्याने तो धंदा सोडावा, आणि मुलांना शिकवणारा असेल तर सोडलेला बरा, पण दुसरे पोट भरण्याचे साधन नसेल तर चालू ठेवण्यास हरकत नाही, इतक्या बारकाईने तो ग्रंथ बोलतो. अशा शिकाऊ श्रद्धार्थीला उपासनेच्या पूर्वार्धात बसता येत असे, शास्त्रवाचन आणि प्रवचन ऐकता येत असे, आणि मग भाकर व द्राक्षारसाच्या भोजनाचा उत्तरार्ध सुरू होण्यापूर्वी त्याला बाहेर जाण्यास सांगितले जाई. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चच्या उपासनेत श्रद्धार्थींनी आता निघावे अशा अर्थाची सूचना आजही म्हटली जाते. जुन्या चर्चच्या बांधणीतही ही विभागणी दिसते: दाराशी श्रद्धार्थींसाठी ओसरीसारखी जागा असे, आणि बाप्तिस्म्याचे, म्हणजे ख्रिस्ती समाजात प्रवेश देणाऱ्या जलसंस्काराचे कुंड आजही अनेक चर्चमध्ये दाराजवळच असते, कारण त्या पाण्यातून गेल्यावरच पुढचा अधिकार मिळतो. ऐकण्याचा हक्क सर्वांना आणि वेदीवरच्या भोजनाचा हक्क दीक्षितांना, हा भेद ज्याच्या मनात स्पष्ट आहे त्याला चर्चमध्ये पहिल्यांदा जाताना जवळजवळ कुठेच ठेच लागत नाही.

आत शिरल्यावर डोळ्यांना जे दिसते ते कोणत्या पंथाचे चर्च आहे यावर अवलंबून असते. महाराष्ट्रात ढोबळमानाने दोन मोठे प्रवाह आहेत. वसई, मुंबई आणि उत्तर कोकणातली जुनी वस्ती मुख्यतः रोमन कॅथलिक, म्हणजे रोमच्या पोपला प्रमुख मानणारी आहे. मे १९९८मध्ये मुंबईपासून वेगळा झालेला वसईचा धर्मप्रांत आपला व्यवहार मुख्यतः मराठी भाषेत करतो. अहिल्यानगर, पुणे, नाशिक, मराठवाडा इकडे एकोणिसाव्या शतकातल्या मिशनांच्या कामातून प्रोटेस्टंट, म्हणजे पोपचे प्रमुखपद न मानणाऱ्या, मंडळ्या उभ्या राहिल्या; त्या मिशनांपैकी अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३मध्ये मुंबईला उतरले आणि १८३१मध्ये त्या मिशनने अहिल्यानगरला, म्हणजे तेव्हाच्या अहमदनगरला, ठाणे केले. यांपैकी बऱ्याच मंडळ्या इतर काही पंथांसह २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये एकवटल्या.

कॅथलिक चर्चमध्ये दाराशी आशीर्वादित पाण्याचे छोटे पात्र असते, त्यात बोट बुडवून भाविक कपाळ, छाती आणि दोन्ही खांदे यांना स्पर्श करत क्रूसाची खूण करतात आणि बाकाशी पोहोचल्यावर वेदीकडे तोंड करून एक गुडघा टेकतात. हा नमस्कार भिंतीवरच्या मूर्तींना नसतो. तो वेदीजवळच्या बंद पेटीला असतो, जिच्यात आधीच्या उपासनेतली अभिमंत्रित भाकर ठेवलेली असते आणि जिच्याजवळ दिवस-रात्र एक दिवा, बहुधा तांबड्या काचेतला, तेवत असतो. प्रोटेस्टंट चर्च त्या मानाने मोकळे असते. तिथला क्रूस बहुधा रिकामा असतो, संतांच्या मूर्ती नसतात, आणि प्रवचनाचा चौथरा व त्यावरचे उघडे पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, हेच लक्ष वेधून घेतात. वेदीवरच्या वस्त्राचा आणि धर्मगुरूच्या अंगावरच्या झग्याचा रंग पाहून वर्षातला कोणता काळ चालू आहे हे जाणकार ओळखतात: नाताळपूर्वीच्या आगमनकाळात आणि ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात जांभळा, नाताळ व ईस्टरला पांढरा, पवित्र आत्म्याच्या सणाला आणि हुतात्म्यांच्या दिवशी तांबडा, आणि वर्षाच्या उरलेल्या लांब पट्ट्यात हिरवा.

पादत्राणे काढावीत की नाहीत, हा पहिल्यांदा जाणाऱ्याला पडणारा अगदी साधा प्रश्न, आणि त्याचे उत्तर ठिकाणानुसार बदलते. शहरी चर्चमध्ये लोक पादत्राणांसह बाकांवर बसतात, तर कित्येक गावांतल्या चर्चमध्ये ती बाहेर काढून सतरंजीवर बसण्याची रीत आहे. दाराशी जोड्यांची रांग दिसली की उत्तर मिळते. याबाबतीत भारतीय कॅथलिक चर्चने जाणीवपूर्वक विचार केला होता. १९६९मध्ये येथील बिशपांच्या मागणीवरून रोमने बारा मुद्द्यांना मान्यता दिली, ज्यांत जमिनीवर बसून उपासना करणे, पादत्राणे काढणे, गुडघा टेकण्याऐवजी हात जोडून वाकणे, पंचांग प्रणाम, मेणबत्तीऐवजी तेलाचा दिवा, धर्मगुरूच्या अंगावर शाल आणि फुले, धूप व दीप यांनी आरती या गोष्टींचा समावेश आहे. हे सर्व सगळीकडे रुजले असे नाही, आणि काही भाविकांना ते परकेही वाटले. पण एखाद्या चर्चमध्ये समई तेवताना आणि आरती ओवाळली जाताना पाहून ही कोणाची नक्कल आहे असे समजण्याचे कारण नाही.

उपासनेचा पूर्वार्ध पाहुण्याला सर्वांत सहज समजतो, कारण तो ऐकण्याचा भाग आहे. कॅथलिक लोक आपल्या रविवारच्या उपासनेला पवित्र मिस्सा म्हणतात. पापांची सामुदायिक कबुली आणि स्तुतिगीत झाल्यावर पहिले वाचन बहुतेक वेळा जुन्या करारातून, म्हणजे येशूपूर्वीच्या यहुदी धर्मग्रंथांतून होते, त्यावर उत्तर म्हणून एक स्तोत्र गायले जाते, दुसरे वाचन प्रेषितांच्या पत्रांतून होते, आणि शेवटी शुभवर्तमान, म्हणजे येशूचे चरित्र व शिकवण सांगणाऱ्या मत्तय, मार्क, लूक व योहान यांच्या चार ग्रंथांपैकी एकातला उतारा वाचला जातो. पहिली दोन वाचने बसून ऐकली जातात, शुभवर्तमानाला मात्र सगळे उठून उभे राहतात, आणि वाचन सुरू होण्याच्या क्षणी प्रत्येक जण अंगठ्याने कपाळावर, ओठांवर आणि छातीवर छोटा क्रूस रेखतो. ते वचन बुद्धीत, बोलण्यात आणि हृदयात राहो, असा त्याचा अर्थ सांगितला जातो. ही वाचने धर्मगुरूच्या मर्जीने निवडलेली नसतात. रविवारच्या वाचनांचे तीन वर्षांचे चक्र ठरलेले आहे, त्यामुळे एखाद्या रविवारी वसईतल्या पापडीच्या चर्चमध्ये जो उतारा वाचला जातो, तोच साधारणपणे मनिलात आणि लिस्बनमध्येही वाचला जातो.

हे सारे मराठीत ऐकू येते, ही गोष्ट गृहीत धरण्यासारखी नाही. १९६३च्या डिसेंबरमध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा दस्तऐवज संमत करून लोकभाषांना वाट मोकळी केली, तोवर रोमन कॅथलिक मिस्सा बहुतेक सगळीकडे लॅटिनमध्ये होत असे आणि धर्मगुरू बहुतांश वेळ लोकांकडे पाठ करून वेदीसमोर उभा असे. त्याआधी मराठी भक्ती चर्चमध्ये नव्हती असे मात्र नाही. इंग्लंडहून १५७९मध्ये गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या जेझुइट धर्मगुरूने ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ रचले, ते १६१६मध्ये राचोल येथे छापले गेले आणि गोव्यातल्या नवख्रिस्ती लोकांपुढे वाचले जाऊ लागले. मराठीचे कौतुक करणारा हा ग्रंथ मराठी वाङ्मयाच्या इतिहासात मानाने घेतला जातो, पण तो मुळात धर्म शिकणाऱ्या माणसांसाठी लिहिला होता, हे साहित्याच्या चर्चेत अनेकदा मागे पडते. प्रोटेस्टंट मंडळ्यांत शास्त्र आरंभापासून मराठीत होते, आणि त्यांच्या उपासनेला आजचे रूप दिले ते विशेषतः रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या गीतांनी व अभंगांनी. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात त्यांच्या अनेक रचना आहेत, आणि अहिल्यानगर भागात ख्रिस्ती कीर्तनाचीही जुनी परंपरा आहे. पेटी आणि तबल्याच्या साथीवर अभंगाच्या चालीत येशूची स्तुती ऐकताना पहिल्यांदा आलेल्या मराठी माणसाला जे आपलेपण वाटते ते वरवरचे नाही. ती चाल त्या मंडळीनेही आपल्या आजी-आजोबांकडूनच घेतलेली असते.

वाचनांनंतरच्या प्रवचनात त्या उताऱ्यांचा आजच्या जगण्याशी संबंध लावला जातो. प्रोटेस्टंट उपासनेत हाच भाग सर्वांत मोठा असतो आणि तो पाळक, म्हणजे मंडळीचा प्रमुख, सांगतो. त्यानंतर मंडळी आपला विश्वास थोडक्यात सांगणारा मतांगीकार म्हणते, ज्याचा एक प्रमुख पाठ चौथ्या शतकात, ३२५मध्ये नायसिया आणि ३८१मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथील परिषदांतून आकाराला आला. इथे पाहुण्याने आदराने उभे राहावे आणि गप्प राहावे हेच योग्य. जे पटलेले नाही ते केवळ शिष्टाचारासाठी म्हणणे त्या शब्दांनाही अन्यायकारक आहे, आणि ते म्हणणाऱ्या माणसांनाही.

उत्तरार्धात वेदीवर भाकर आणि द्राक्षारस आणले जातात. क्रूसावर मरण्याच्या आदल्या रात्री येशूने शिष्यांबरोबर भोजन करताना भाकर मोडून आणि प्याला देऊन हे माझ्या स्मरणार्थ करा असे सांगितले, त्या आज्ञेनुसार हा विधी केला जातो. कॅथलिक चर्चमध्ये वापरली जाणारी भाकर म्हणजे गव्हाचे पीठ आणि पाणी यांखेरीज काहीही न घालता, न फुगवता भाजलेली पातळ, पांढरी, गोल चकती, जिच्यावर बहुधा क्रूस उमटवलेला असतो. धर्मगुरूच्या हातातली चकती मोठी असते, तो ती सर्वांना दिसेल अशी उचलतो, नंतर मोडतो आणि तिचा एक कण प्याल्यात टाकतो. या भाकरीचे व द्राक्षारसाचे रूप तेच राहिले तरी ती खरोखर ख्रिस्ताचे शरीर व रक्त होतात, अशी कॅथलिक श्रद्धा आहे. म्हणूनच त्या वेळी मंडळी गुडघ्यांवर असते. प्रोटेस्टंट पंथांत याविषयी निरनिराळी मते आहेत. अनेकांच्या मते हे स्मरणाचे व आत्मिक सहभागाचे भोजन आहे, ते दर रविवारी होतेच असे नाही, आणि अनेक ठिकाणी द्राक्षारस छोट्या छोट्या प्याल्यांतून दिला जातो.

मग बाकांवरून लोक उठून रांगेने पुढे जातात, आणि नेमका इथेच मराठी पाहुण्याचा घोटाळा होतो. देवस्थानी प्रसाद नाकारणे हा अपमान असतो आणि तो येईल त्याला दिला जातो, त्यामुळे रांगेत उभे राहून हात पुढे करणे त्याला सौजन्याचे वाटते. चर्चमध्ये मात्र हे भोजन सहभागाची शपथ आहे: ते घेणारा माणूस त्या श्रद्धेचा आपण भाग आहोत असे सर्वांसमोर सांगतो, आणि कॅथलिक शिकवणीप्रमाणे बाप्तिस्मा झालेल्या व्यक्तीनेही हातून गंभीर पाप घडले असल्यास धर्मगुरूपुढे त्याची कबुली दिल्याशिवाय ते घ्यायचे नसते. तेव्हा पाहुण्याने आपल्या जागी शांत बसून राहावे. त्याच्याकडे कोणी वाईट नजरेने पाहत नाही, कारण त्या क्षणी बाकावर बसून राहिलेले ख्रिस्ती लोकही असतात. हा नकार तुच्छतेतून आलेला नाही, हे समजून घेणे फार आवश्यक आहे. जी मंडळी आपल्या सर्वांत पवित्र गोष्टीविषयी इतकी जपून वागते, ती येणाऱ्या माणसाच्या होकारालाही तितकेच मोल देते, आणि न विचार करता दिलेला होकार तिला नको असतो.

दानाची पिशवी किंवा थाळी फिरते तेव्हा पाहुण्याने काही टाकलेच पाहिजे असे नाही. भोजनापूर्वी शेजाऱ्यांना शांतीचा नमस्कार करण्याची रीत आहे, तिथे हात जोडून प्रतिनमस्कार करावा. फोटो काढू नयेत, साधे अंगभर कपडे असावेत, मागच्या बाकांपैकी एक धरावा म्हणजे उठण्या-बसण्याचा क्रम इतरांकडे पाहून सांभाळता येतो.

महाराष्ट्रात चर्चशी नाते जोडण्याची आणखी एक रीत आहे, जिचा विचार विद्वान मंडळी कमी करतात. मुंबईच्या माहीम येथील सेंट मायकल चर्चमध्ये दर बुधवारी होणाऱ्या नोव्हेनाला, म्हणजे येशूची आई मरिया हिच्या मध्यस्थीसाठी सलग नऊ आठवडे म्हणावयाच्या प्रार्थनेला, सर्व धर्मांचे लोक येतात. बांद्र्याच्या माउंट मेरीच्या सप्टेंबरातल्या जत्रेत घराच्या, हाताच्या, पायाच्या, बाळाच्या आकाराच्या मेणाच्या वस्तू वाहणाऱ्यांत हिंदू घरांतल्या बायका मोठ्या संख्येने असतात. श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावला मतमाउलीच्या, म्हणजे मरियेच्याच, यात्रेला दूरदूरच्या खेड्यांतून माणसे जातात. यांपैकी बहुतेकांच्या मनात धर्म बदलण्याचा विचारही नसतो. नवस आणि शोध या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण एकीतून दुसरी निघणार नाही असेही नाही. मागणे मागायला आलेल्या माणसाला एखाद्या दिवशी ज्याच्याकडे मागतो तो कोण, हा प्रश्न पडू शकतो.

हा प्रश्न ज्यांना पडला आणि ज्यांनी त्याचा माग घेतला, अशा मराठी माणसांची चरित्रे उपलब्ध आहेत, आणि ती वाचल्यावर पहिली गोष्ट लक्षात येते ती म्हणजे त्यांना लागलेला वेळ. बाबा पदमनजींनी मिशन शाळांतले शिक्षण, जातिभेद मोडू पाहणाऱ्या परमहंस सभेतला वावर आणि वर्षानुवर्षांचे वाचन यांतून जाऊन १८५४मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि त्या मानसिक घालमेलीची हकीकत ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात लिहिली. नारायण वामन टिळकांना आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने नवा करार भेट दिला, ते तो खुणा करत वाचत गेले, येशूच्या डोंगरावरील प्रवचनाने त्यांना धरून ठेवले आणि फेब्रुवारी १८९५मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. या निर्णयाने त्यांचे घर मोडले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई माहेरच्या आधाराने वेगळ्या राहिल्या, पुढे मुलाला घेऊन परत आल्या तरी सोवळे-ओवळे त्यांनी सोडले नव्हते, आणि त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा झाला तो १९००मध्ये, नवऱ्याच्या मागोमाग नव्हे तर जातिभेद माणसाने केलेला आहे हे स्वतःला पटल्यावर. लक्ष्मीबाईंचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र विनोदासाठी वाचले जाते. पण श्रद्धेचा शोध एका बाईच्या स्वयंपाकघरातून, पाण्याच्या घागरीवरून कसा होतो हे सांगणारे इतके खरे पुस्तक मराठीत दुसरे क्वचितच असेल.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण याहूनही बोलके आहे. सप्टेंबर १८८३मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण त्यानंतरही त्रैक्याच्या, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हा एकच देव आहे या सिद्धान्ताविषयी त्यांनी तिथल्या धर्मभगिनींशी पत्रांतून कसून वाद घातला, चर्चच्या अधिकाऱ्यांनी सांगितले म्हणून मान्य करण्यास त्या तयार नव्हत्या, आणि १९०७मध्ये लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी सांगून टाकले की आपल्याला धर्म आधी सापडला आणि ख्रिस्त त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी. आयुष्याच्या उत्तरार्धात केडगावच्या मुक्ती मिशनचा डोलारा सांभाळत त्यांनी हिब्रू आणि ग्रीक भाषा अभ्यासून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबलचे भाषांतर केले आणि १९२२मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या त्याच कामात होत्या. ज्यांना प्रश्न विचारणे म्हणजे अश्रद्धा वाटते, त्यांनी रमाबाईंकडे पाहावे.

आज कॅथलिक चर्चमध्ये हाच सावकाश मार्ग पुन्हा रीतसर आखलेला आहे. १९७२मध्ये प्रौढांच्या प्रवेशविधीची नवी रचना करण्यात आली आणि जुन्या शतकांतली श्रद्धार्थी ही अवस्था परत आणली गेली. आधी कोणतेही बंधन नसलेला चौकशीचा काळ, मग चर्चच्या दाराशी होणारा स्वागतविधी, ज्यात येणाऱ्याला तू काय मागतोस असे विचारून त्याच्या कपाळावर क्रूसाची खूण केली जाते, त्यानंतर महिनोन्महिने किंवा त्याहून अधिक काळ शिक्षण, उपवासकाळाच्या आरंभी नावाची नोंद, आणि शेवटी ईस्टरच्या आदल्या रात्री बाप्तिस्मा. त्या रात्री चर्चबाहेर नवा अग्नी पेटवतात, त्यावरून मोठी पास्का, म्हणजे ईस्टरची, मेणबत्ती उजळतात, अंधाऱ्या चर्चमध्ये तिच्यावरून हातोहाती छोट्या मेणबत्त्या लावत जातात, आणि जगाच्या निर्मितीपासूनची वाचने झाल्यावर श्रद्धार्थी कुंडाशी येतो. प्रोटेस्टंट मंडळ्यांतही पाळक बाप्तिस्म्यापूर्वी शिकवणीचे वर्ग घेतात. घाई करणाऱ्या, पहिल्याच भेटीत हात वर करायला लावणाऱ्या किंवा आजार बरा होण्याची, नोकरी लागण्याची हमी देणाऱ्या सभा अलीकडे अनेक ठिकाणी भरतात. त्यांतल्या सगळ्यांनाच एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल, पण ज्या ठिकाणी प्रश्नाला वेळ दिला जात नाही तिथे शोधही होत नाही, आणि शोधणाऱ्याने तिथून उठून जाण्यात काहीच गैर नाही.

बाप्तिस्म्याचे परिणाम केवळ आत्मिक नसतात, हेही चौकशीच्या काळातच समजून घेतले पाहिजे. राज्यघटनेचे २५वे कलम सदसद्विवेकाचे आणि धर्म पाळण्याचे स्वातंत्र्य देते. १९७७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने धर्मप्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही असा निर्णय दिला, आणि सक्तीच्या वा आमिषाच्या धर्मांतराविरुद्ध वेगवेगळ्या राज्यांनी निरनिराळे कायदे केले आहेत. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना, आणि पुढच्या दुरुस्त्यांनी १९५६मध्ये शीख व १९९०मध्ये बौद्ध व्यक्तींना मिळतो. ख्रिस्ती झालेल्याला तो राहत नाही. महाराष्ट्रातल्या खेडोपाडीच्या ख्रिस्ती मंडळ्यांचा मोठा भाग दलित समाजातून आलेला असल्याने हा प्रश्न त्यांच्या मुलांच्या शिक्षणाशी आणि नोकरीशी थेट भिडतो, आणि तो न सांगता कोणाला बाप्तिस्मा देणे हे धर्मगुरूच्या दृष्टीनेही अप्रामाणिक ठरेल. ही चौकशी सुरू करणे अवघड नसते: उपासना संपल्यावर फादर किंवा पाळकसाहेब बहुतेक ठिकाणी दाराशी लोकांना भेटतात. वाचनासाठी सुरुवात कुठून करावी असे त्यांना विचारल्यास ते बहुधा मार्ककृत शुभवर्तमान सुचवतात, कारण चारांत ते सर्वांत लहान आहे, एका बैठकीत वाचून होते आणि येशू कोण हा प्रश्न त्यात शिष्यांनाही शेवटपर्यंत नीट सुटलेला नसतो.